प्रयोगशाळा, वावर आणि दवाखाना : वऱ्हाडात कुशल हात कसे घडतील?



गाडगेबाबांच्या स्मृतीसाठी आपण इथे जमलो आहोत. बाबांचं बालपण याच मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी मामाच्या घरी गेलं. इथल्या मातीत त्यांनी गुरं राखली, नांगर धरला, आणि १९५६ साली वलगावजवळ देह ठेवीपर्यंत महाराष्ट्राला एकच गोष्ट हातातल्या खराट्याने शिकवली : रोग देवाच्या कोपाने येत नाही, घाणीने येतो, आणि घाण माणसाला दूर करता येते. शाळेत न गेलेल्या माणसाने सार्वजनिक आरोग्याचं हे मूळ सूत्र गावोगाव पोचवलं. त्याच सूत्राचा आजचा विस्तार म्हणजे माझा आजचा विषय. जीवविज्ञानावर चालणाऱ्या कामांसाठी कुशल मनुष्यबळ आपल्या भागात कसं घडवायचं, आणि त्यासाठी आपल्या संस्थांनी एकमेकींशी कसं जोडून घ्यायचं, याबद्दल मला बोलायचं आहे.

जीवविज्ञानाचं क्षेत्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुण्या-हैदराबादच्या लसींच्या कंपन्या येतात. त्या त्यात आहेतच. पण रक्त तपासणारी लॅब, माती-पाण्याची तपासणी, बियाण्याची उगवणक्षमता आणि शुद्धता, जैविक खतं, टिश्यू कल्चरची रोपं, जनावरांचं कृत्रिम रेतन, दुधाची तपासणी, औषधांची निर्मिती आणि गुणवत्ता-नियंत्रण ही सगळी कामं याच क्षेत्रातली आहेत. म्हणजे या सभागृहात बसलेल्या प्रत्येक घराचा त्याच्याशी रोज संबंध येतो. त्या कामांसाठी हात कमी पडतात, आणि त्याच वेळी आपल्याकडे बी.एस्सी., एम.एस्सी., डी.एम.एल.टी., डी.फार्म. झालेली लेकरं कामाच्या शोधात फिरतात. ही विसंगती दूर करणं एकट्या कॉलेजच्या आवाक्यातलं नाही, एकट्या सरकारच्या नाही आणि एकट्या कंपनीच्याही नाही. ते एका प्रदेशाला मिळूनच करावं लागतं. आज मला एवढंच सांगायचं आहे.

२०२० साली आपण काय केलं

ही गोष्ट आपल्याला जमते का, असा प्रश्न कुणाच्या मनात असेल तर त्याचं उत्तर आपणच देऊन ठेवलं आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा अकोला आणि अमरावतीचे नमुने तपासणीसाठी नागपूरकडे जात होते. नमुना जायचा, अहवालाची वाट पाहायची, आणि तोवर संशयित रुग्ण, त्याचं घर, त्याची गल्ली सगळे टांगणीला. एप्रिलमध्ये अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विषाणू तपासणीची प्रयोगशाळा सुरू झाली. मे महिन्यात संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतही आरटी-पीसीआर तपासणी सुरू झाली.

या दुसऱ्या घटनेकडे मी तुमचं विशेष लक्ष वेधतो. विद्यापीठ हे काही रुग्णालय नव्हे. तिथे होते ते सूक्ष्मजीवशास्त्राचे आणि जैवतंत्रज्ञानाचे शिक्षक, संशोधन करणारे विद्यार्थी, आणि एरवी प्रबंधासाठी वापरली जाणारी यंत्रं. आरोग्य यंत्रणेकडे रुग्ण होते, नमुने घेणारी माणसं होती. जिल्हा प्रशासनाकडे अधिकार आणि व्यवस्था होती. हे सगळं आधीपासून एकाच शहरात होतं, पण वेगवेगळ्या छपरांखाली. संकटाने त्यांना एका टेबलाभोवती आणलं.

आरटी-पीसीआर करणं म्हणजे काय, तेही पाहा. नाकातला स्वॅब विशिष्ट द्रवात, थंड ठेवून आणायचा. जैवसुरक्षा कक्षात तो उघडायचा. त्यातला आरएनए वेगळा काढायचा, त्याचा डीएनए करायचा आणि यंत्रात तो पुन्हा पुन्हा दुप्पट होऊ द्यायचा. मायक्रोलिटरमध्ये मोजलेला थेंब चुकीच्या नळीत पडला, तर निरोगी माणूस रुग्ण ठरतो आणि रुग्ण मोकळा फिरतो. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात हेच तंत्र शिकलेल्या मुलामुलींनी ते रोज, थकलेल्या अवस्थेत, अंगभर पीपीई किट चढवून केलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अचलपूरला पुन्हा टाळेबंदी लागली आणि सगळ्या देशाच्या नजरा इकडे वळल्या, तेव्हाही हे काम चालू होतं. पुस्तकातलं ज्ञान आणि हातातलं कौशल्य यांतलं अंतर त्या पिढीने काही आठवड्यांत ओलांडलं, कारण खरं काम, खरी जबाबदारी आणि शेजारी उभा अनुभवी माणूस अशा तिन्ही गोष्टी त्यांना एकाच वेळी मिळाल्या.

साथ ओसरली. टेबलाभोवती आलेल्या संस्थांनी मात्र उठून आपापल्या छपराखाली परत जाऊ नये, अशी माझी कळकळ आहे.

कौशल्य नेमकं कशात असतं

ऑटोक्लेव्ह १२१ अंश सेल्सिअस तापमानाला, १५ पौंड दाबाखाली, १५ मिनिटं चालवायचा, हे आपला प्रत्येक बी.एस्सी.चा विद्यार्थी परीक्षेत लिहितो. पण भांडी दाटीने भरली तर वाफ मधल्या भांड्यापर्यंत पोचत नाही, आतली हवा पूर्ण निघाली नाही तर काट्यावर दाब दिसतो पण तापमान आलेलं नसतं, हे त्याला हाताने काम केल्यावरच कळतं. औषधाच्या कारखान्यात शुद्ध कक्षात जाण्यापूर्वी कपडे कोणत्या क्रमाने चढवायचे, हातमोजे कुठे टेकवायचे नाहीत, चुकीचा आकडा खोडायचा कसा आणि शेजारी सही-तारीख का घालायची, ही सगळी शिस्त आहे. त्या क्षेत्रातले लोक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात : जे लिहिलं नाही, ते झालंच नाही. एका बॅचच्या नोंदीत एक रकाना कोरा राहिला तर पूर्ण बॅच थांबू शकते.

ही शिस्त वर्गात फळ्यावर शिकवता येत नाही. त्यासाठी चालू यंत्र लागतं, वापरून संपणारी रसायनं लागतात, आणि चूक लगेच दाखवणारा माणूस लागतो. एखाद्या तालुक्याच्या कॉलेजला हे तिन्ही एकट्याने परवडणं कठीण आहे. तिथे शिक्षक मनापासून शिकवतात, पण एका सूक्ष्मदर्शकाभोवती दहा मुलं उभी असतात आणि महागड्या यंत्राला हात लावायला भीती वाटते. कंपनीची तक्रार असते की मुलं येतात पण कामाला उपयोगी पडायला सहा महिने जातात. दोघंही आपल्या जागी खरं बोलतात. म्हणूनच मधली जागा कुणीतरी उभी केली पाहिजे.

हे काम आपल्या दाराशीच आहे

आपल्या पोरांना कामासाठी लांब जावंच लागेल, हे आपण फार लवकर मान्य केलं आहे. जरा आपल्या भागाकडे पाहू या.

पऱ्हाटीपासून सुरुवात करतो. २००२ साली बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या वाणातल्या विषाला दाद देणं बंद केलं, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाचं किती नुकसान झालं ते तुम्ही भोगलं आहे. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. विषबाधा झालेल्या माणसाच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजणारी तपासणी जवळ आणि लवकर झाली, तर डॉक्टरच्या हातात वेळ राहतो. त्यासाठी तालुक्याच्या पातळीवर प्रशिक्षित तंत्रज्ञ हवा.

आणि फवारणी कमी करायची असेल तर ट्रायकोकार्ड आहे. तांदळावरच्या पतंगाची अंडी कार्डावर चिकटवून त्यांवर ट्रायकोग्रामा या अतिसूक्ष्म गांधीलमाशीला सोडतात. ती त्या अंड्यांत आपली अंडी घालते. एका कार्डावर सुमारे २० हजार अंडी असतात. कार्डाच्या पट्ट्या पानाखाली टोचल्या की आठवड्याभरात माशा बाहेर येतात आणि बोंडअळीच्या अंड्यांवर तुटून पडतात. हे सगळं वेळेचं काम आहे. माशा बाहेर पडण्याच्या आत कार्ड वावरात पोचलं नाही तर ते वाया गेलं. म्हणून अशी प्रयोगशाळा वावराजवळच असली पाहिजे, आणि ती चालवायला बारावी विज्ञान झालेली गावातली मुलगीही नीट प्रशिक्षण मिळाल्यावर पुरेशी आहे. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आपल्या शेजारी आहे. त्याच्याकडे या विद्येचे जाणकार आहेत. आपल्या कॉलेजांकडे मुली आहेत. मध्ये एका कराराचं अंतर आहे.

आता जनावरांचं पाहू. अकोल्यात पशुवैद्यक व पशुविज्ञानाची पदव्युत्तर संस्था आहे. कृत्रिम रेतनाची कांडी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. डब्यातला नायट्रोजन कमी झाला तर कांडी बाहेरून जशीच्या तशी दिसते, पण आतलं बीज मेलेलं असतं. शेतकऱ्याला ते तीन आठवड्यांनी कळतं, गाय पुन्हा माजावर आली की. तेवढा काळ वाया, तेवढं दूध वाया. डब्यातली पातळी मोजून लिहिणाऱ्या एका सावध माणसाची किंमत इथे रुपयांत मोजता येते.

मेळघाटात सिकलसेलचा आजार आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. आदिवासी भागांत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे. साध्या विद्राव्यता चाचणीत दोष दिसला की ती व्यक्ती वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने ठरवावं लागतं. कारण दोघांना द्यायचा सल्ला वेगळा, लग्न ठरवताना सांगायची गोष्ट वेगळी. धारणी-चिखलदऱ्याची कोरकू मुलंमुली हे काम शिकली, तर तपासणीबरोबर त्यांच्याच भाषेत समजावणंही होईल.

आणि पाण्याबद्दल या तालुक्यात मी काय सांगावं? पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जातो. विहिरीचं पाणी तोंडात घेता येत नाही आणि मूत्रपिंडाच्या आजाराची धास्ती घराघरांत आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचं किट वापरायला शिकवायचं आहे. त्या पाच जणींना पुढचं प्रशिक्षण देऊन, त्यांच्या नोंदी कॉलेजच्या प्रयोगशाळेशी आणि वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडल्या, तर वर्षानुवर्षांची गावनिहाय माहिती तयार होईल. ज्या आजाराबद्दल आपण फक्त हळहळतो, त्याचा अभ्यास आपल्याच लोकांच्या हाताने होईल.

आधी हात, मग कारखाना

आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे की कारखाना आला की कौशल्य आपोआप येईल. इतिहास उलटा आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका छोट्या जागेत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळला गेली. तीच आजची हाफकिन संस्था. तिथे दशकानुदशकं लसी आणि सर्पदंशावरचा रक्तद्रव बनवणारी माणसं घडली. १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली, तेव्हा हाफकिनमधल्या अनुभवी माणसांची विद्या तिच्या कामी आली. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभी राहिली, आणि किण्वनाचं तंत्र जाणणारे कामगार देशात तयार होऊ लागले. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात औषधउद्योग रुजला त्याच्या मुळाशी सार्वजनिक संस्थांनी घडवलेले हे हात आहेत.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याचं उदाहरण आपल्याला आणखी जवळचं आहे. तेही तंबाखू आणि कापडगिरण्यांचं राज्य. गिरण्या बंद पडत गेल्या, तंबाखूला उतरती कळा लागली. १९८४ साली राज्याने जैवतंत्रज्ञानाचं एक केंद्र काढलं. १९९८ साली तंबाखू कंपन्यांशी तडजोड होऊन जो पैसा राज्याच्या वाट्याला आला, त्यातला मोठा भाग तंबाखूवर जगणाऱ्या भागांसाठी राखला, आणि त्यातून औषधनिर्मितीचं प्रशिक्षण देणारी व्यवस्था उभी केली. विद्यापीठात खऱ्या कारखान्यासारखं प्रशिक्षण केंद्र झालं, आणि गावोगावच्या कम्युनिटी कॉलेजांत लहान मुदतीचे अभ्यासक्रम सुरू झाले. काय शिकवायचं हे कंपन्यांनी आणि कॉलेजांनी एकत्र बसून ठरवलं. आयर्लंडने २०११ साली डब्लिनमध्ये असंच एक राष्ट्रीय केंद्र उघडलं. वेगवेगळी विद्यापीठं त्यात भागीदार आहेत. तिथली यंत्रं कारखान्यातल्यासारखीच, पण तिथे माल बाजारात जात नाही. शिकणाऱ्याला चुकायची मुभा आहे. चूक कारखान्यात झाली तर रुग्णाला भोवते, म्हणून ती शिकताना होऊ द्यायची.

या दोन्ही ठिकाणी पैसा आपल्यापेक्षा खूप अधिक होता, हे खरं. पण पैशाआधी एक निर्णय होता : यंत्र एकाचं, शिक्षक दुसऱ्याचे, काम तिसऱ्याचं, आणि विद्यार्थी सगळ्यांचा.

मूर्तिजापूरने काय करावं

मूर्तिजापूर हे जंक्शन आहे. एका बाजूला अकोला, दुसऱ्या बाजूला बडनेरा-अमरावती, दोन्ही रेल्वेने तासाभराच्या अंतरावर. किलिक निक्सन कंपनीने इथून एकीकडे यवतमाळ आणि दुसरीकडे अचलपूरपर्यंत शकुंतला रेल्वेचे रूळ टाकले ते आपल्या कापसासाठी. कापूस कच्चा गेला, मँचेस्टरला त्याचं कापड झालं आणि त्याची खरी किंमत तिकडेच राहिली. आज आपली पदवी घेतलेली लेकरं तशीच कच्ची बाहेर जातात. घडतात दुसरीकडे. ज्यांना जायचं आहे त्यांनी जरूर जावं, पण घडून जावं. आणि ज्यांना राहायचं आहे त्यांच्यासाठी इथे काम असावं.

त्यासाठी मी पाच गोष्टी सुचवतो.

पहिली, गरजेची यादी. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतली रुग्णालयं, खाजगी लॅब, बियाणं कंपन्या, दूध संकलन केंद्रं, जैविक खतांचे उत्पादक, पाणी तपासणी केंद्रं यांना कोणत्या कामाची किती माणसं लागतात, हे दर वर्षी एका जागी लिहिलं जावं. आज हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून अभ्यासक्रम अंदाजाने निघतात.

दुसरी, सामायिक प्रशिक्षण प्रयोगशाळा. प्रत्येक कॉलेजने अर्धवट यंत्रं घेण्यापेक्षा चार-सहा कॉलेजांनी मिळून एक पूर्ण जागा चालवावी, आणि ती दोन्ही जिल्ह्यांच्या मध्ये, रेल्वेच्या वाटेवर असावी. इथे मला बाबांची एक कृती आठवते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी वर्गणी आणि श्रम जमवून उभी केली, आणि १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, कारण तिथे मुलं शिकणार होती. आपण उभारलेली वास्तू दुसऱ्याच्या हाती देताना त्यांनी फक्त उपयोग पाहिला. आपल्या संस्थाचालकांनी आणि विभागप्रमुखांनी यंत्राच्या खोलीची किल्ली हातात घेताना ही कृती समोर ठेवावी.

तिसरी, शिकवणाऱ्यांची देवाणघेवाण. लॅबमध्ये वर्षानुवर्षं काम केलेला तंत्रज्ञ, त्याच्याकडे पीएच.डी. नसली तरी, आठवड्यातून एक दिवस कॉलेजात शिकवायला यावा, आणि त्याला त्याचं मानधन आणि मान दोन्ही मिळावेत. कॉलेजच्या शिक्षकाने सुट्टीत दोन-तीन आठवडे कारखान्यात किंवा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत उभं राहून काम करावं.

चौथी, शिकताना पैसे. आपल्याकडची मुलं सोयाबीनच्या काढणीला आणि कापूस वेचणीला घरी लागतात. सहा महिने बिनपगारी शिकायची ऐपत सगळ्यांची नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आणि २०१६ च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाची सोय आहे. राज्याने २०२४ साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १० हजार रुपये ठरले. नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर अभ्यासक्रमात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, श्रेयांकांसह आणलं आहे. योजना आहेत. पण ओळखीच्या ठिकाणाहून प्रमाणपत्र आणून ओजेटी पूर्ण करण्याची वाट सोपी असते, आणि त्या वाटेने गेलेल्या मुलाचा हात कोराच राहतो. शिकवणाऱ्या जागेने आणि कॉलेजने मिळून, कामाची वही तपासून सही केली, तरच ते प्रमाणपत्र मानावं.

पाचवी गोष्ट मुलींची. विज्ञान शाखेच्या आपल्या वर्गांत मुली मोठ्या संख्येने आहेत, आणि पदवीनंतर त्याच सर्वांत आधी गळतात. पुण्याला पाठवायला घर तयार नसतं. सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल असं प्रशिक्षण आणि असं काम मिळालं, तर हा प्रश्न पुष्कळसा सुटतो. प्रादेशिक भागीदारीचा सर्वांत मोठा लाभ मला इथे दिसतो. राजधानीतली उत्तम संस्था या मुलीच्या उपयोगाची नाही. तिच्या वाटेवरची बरी संस्था तिचं आयुष्य बदलू शकते.

भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, तो शेतकऱ्याच्या पोराला शहराच्या वसतिगृहाचा खर्च न झेपणारा काळ होता. म्हणून त्यांनी कॉलेजच शेतकऱ्याजवळ आणलं. त्या कामामुळे आपल्या दोन-तीन पिढ्या शिकल्या. शिक्षण जवळ आलं, आता काम शिकण्याची जागा जवळ आणायची आहे. ते आपल्या पिढीचं देणं आहे.

मी इथल्या प्राचार्यांना, डॉक्टरांना, लॅबचालकांना, बियाणं आणि दूध व्यवसायातल्या मंडळींना एक विनंती करतो. निधीची, शासननिर्णयाची वाट न पाहता, येत्या शैक्षणिक वर्षाच्या आत एकदा एकत्र बसा. आपल्याकडे असलेल्या यंत्रांची, शिकवू शकणाऱ्या माणसांची आणि रिकाम्या जागांची यादी एकमेकांसमोर ठेवा. त्या यादीतून पहिल्या वर्षी वीस मुलामुलींचं प्रशिक्षण निघालं तरी पुरे आहे. ती वीस जणं कामाला लागली की पुढच्या वर्षी त्यांच्या गावातून चाळीस जणं विचारायला येतील, आणि या तालुक्यात कारखाना काढू पाहणाऱ्या माणसाला, इथे माणसं मिळतील का, या प्रश्नाचं उत्तर आपण नावांनिशी देऊ शकू.